बोट दाखवीन तिकडे

४ ऑक्टोबर, शनिवार

कार्यालयाच्या नोंदवहीत आजचा दिवस चार ओळींत मावला: पाणी मध्यम, राफ्ट तीन, प्रवासी सतरा, अपघात एक. त्या वहीला रकाने आहेत आणि रकान्याबाहेर काही लिहिलं की मालक चिडतात. म्हणून उरलेलं इथे लिहितो.

सकाळी काठावर सूचना मीच दिल्या. या नदीवर तेरा वर्षं गाईड आहे. सूचना देताना माझ्यासारखा रंग कुणाला भरता येत नाही असं सगळे म्हणतात, आणि मीही कधी कुणाला अडवलेलं नाही. आधी मी हाताचं बोट वर करून विचारतो, हे काय? लोक म्हणतात, बोट. मग राफ्टला लाथ मारून विचारतो, ही काय? लोक म्हणतात, बोट. मग मी सांगतो की इथे बोट एकच, हाताचं. जिच्यात बसायचं ती राफ्ट. पाण्याच्या आवाजात ‘बोटाकडे’ आणि ‘बोटीकडे’ यांतला फरक कळत नाही, आणि त्यापायी एकदा एक गृहस्थ भलतीकडेच पोहत गेले होते. लोक हसतात. हसले की पुढचं लक्षात राहतं: पाण्यात पडलात तर विचार करायचा नाही, माझं बोट जिकडे, तिकडे पोहायचं.

माझ्या राफ्टमध्ये आज हॉस्पिटलची मंडळी होती. पुढे डावीकडे एक सिस्टर, पन्नाशी ओलांडलेल्या. तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनच्या हातात अवजारं देतात. त्यांच्या मागे बसलेले भूल देणारे डॉक्टर सांगत होते की सर्जन तोंड उघडायच्या आत सिस्टरनी हवी ती वस्तू उचललेली असते. वल्हं मारतानाही तसंच. मी ‘पुढे’ म्हटलं की पहिलं वल्हं त्यांचं पडायचं. सांगितलेलं इतकं नीट ऐकणारा प्रवासी महिन्यातून एखादा मिळतो.

सासूबाईंपर्यंत सगळं छान झालं. सासूबाई म्हणजे आमचा सगळ्यांत मोठा रॅपिड, खळाळत्या पाण्याचा टप्पा. लांबून शांत दिसतो आणि जवळ गेल्यावर झोडपतो, म्हणून हे नाव. त्याच्या खालच्या वळणावर उजव्या काठाचं एक झाड काल पाण्यात आडवं झालंय. पाण्यातल्या झाडाला आम्ही चाळण म्हणतो, कारण पाणी आरपार जातं आणि माणूस अडकतो. वहिनी नेहमीसारखी आधीच खाली जाऊन डावीकडच्या संथ पाण्यात कयाक, तिची एकटीची लहान होडी, घेऊन थांबली होती. पडलेल्यांना उचलायचं काम तिचं. दादा जीप चालवतो, वहिनी कयाक चालवते, आणि घर कोण चालवतं हे विचारायची आमच्यात कुणाची हिंमत नाही.

शेवटच्या लाटेला राफ्ट उडाली आणि सिस्टर बाहेर फेकल्या गेल्या. वर आल्या, माझ्याकडे पाहिलं, अगदी शिकवल्यासारखं. मी ‘झाड, झाड’ ओरडलो, हात करून सावध केलं. त्या वळल्या आणि होता नव्हता तेवढा जोर लावून थेट झाडाकडेच पोहत सुटल्या.

पाय फांद्यांत अडकला. वहिनी वेळेवर पोचली नसती तर काय झालं असतं ते लिहीत नाही. तिने त्यांचं तोंड पाण्यावर धरून ठेवलं. मी दोर टाकला, झाडावर उतरलो, फांदी मोडली. त्यांचं गुडघ्याखालचं हाड मोडलंय. जिवावरचं पायावर निभावलं म्हणायचं.

स्ट्रेचरवर सिस्टरनी माझा हात धरला. म्हणाल्या, “माझंच चुकलं. तुम्ही दुसरीकडे दाखवलं असणार. मला उलटं कसं दिसलं कोण जाणे.”

मी म्हणालो, “होतं असं कधी कधी.”

मालकांनी नोंदवहीत अपघातापुढे कारण लिहून घेतलं: प्रवाशाने गोंधळून सूचनेच्या विरुद्ध दिशेला पोहण्याचा प्रयत्न केला. खाली माझी सही.

५ ऑक्टोबर, रविवार

काल ‘हात करून सावध केलं’ असं लिहिलंय. आज तीच ओळ दहादा वाचली.

मी झाडाकडे बोट दाखवलं.

या धंद्यातला पहिला धडा असा की धोका दाखवायचा नाही, वाट दाखवायची. पाण्यातल्या माणसाला आपले शब्द ऐकू येत नाहीत, फक्त हात दिसतो. म्हणून दगडाकडे, भोवऱ्याकडे, झाडाकडे बोट करायचं नाही, मेलं तरी नाही. तेरा वर्षांपूर्वी हे मला वहिनीनेच शिकवलं. दोन दिवस काठावर उभं करून नुसते हात करायला लावले होते. मी तेव्हा कंटाळलो होतो.

डावीकडे वहिनी होती, संथ पाणी होतं, सगळी डावी नदी मोकळी होती. पण मला झाड दिसलं आणि हात तिकडे गेला. सिस्टरनी सांगितलं तेच केलं. विचार केला नाही, बोट जिकडे तिकडे पोहल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त अवलक्षण दुसऱ्याच्या पायावर गेलं.

राफ्टमधले बाकीचे तोंडावरचं पाणी पुसत होते, त्यांनी पाहिलं नाही. वहिनीची पाठ माझ्याकडे असणार. तिने पाहिलं असतं तर ती तिथेच बोलली असती. ऐकून घेणाऱ्यातली ती नाही.

उद्या मालकांना सांगतो.

७ ऑक्टोबर, मंगळवार

काल सांगायला गेलो होतो. मालक फोनवर माझंच कौतुक करत होते, झाडावर कशी उडी टाकली वगैरे. फोन ठेवला आणि म्हणाले की पुढच्या महिन्यापासून मुख्य गाईड तू. त्यावर मी काय बोललो तर, बरं. एवढंच. मूग गिळावे तर किती गिळावे माणसाने.

वहिनीला ही बातमी रुचलेली दिसत नाही. तिची या नदीवरची वर्षं माझ्याहून जास्त, त्यामुळे नाक मुरडणारच. आज सकाळी सगळे चहा पीत असताना मला पाण्याशी बोलावलं आणि म्हणाली, “मी दगड म्हणते, तू बोट दाखव.” ती ‘दगड डावीकडे’ म्हणणार, मी उजवीकडे बोट करायचं. ‘भोवरा उजवीकडे’, मी डावीकडे. नवशिक्यांचा खेळ. वीस वेळा करवून घेतला आणि एकदाही हसली नाही. रोज करायचा म्हणाली. पदावर बसायच्या आधीच मला जागा दाखवायची आहे तिला. लोक म्हणतात तसं, ती मला पाण्यात पाहते.

८ ऑक्टोबर, बुधवार

वहिनीचा दात दुखतोय. आज कामाला सुट्टी घेऊन शहरात दाताच्या डॉक्टरकडे गेली, दुपारची गेली ती दिवेलागणीला आली. दर बुधवारी जावं लागणार म्हणे. डब्यात भात-वरण घेऊन गेली होती. दात दुखत असताना डबा कशाला, असं मी दादाला विचारलं. दादा म्हणाला, तुला काय करायचंय.

११ ऑक्टोबर, शनिवार

मालकांचा हुकूम आहे की सूचना देताना सिस्टरची गोष्ट सांगायची. न ऐकण्याचा परिणाम लोकांना कळला पाहिजे.

आज सांगितली. नको इतकी चांगली सांगितली. पहिल्या राफ्टच्या वेळी साधी सांगितली होती. दुसऱ्या राफ्टपर्यंत तिला हातपाय फुटले. ‘मी बोट दाखवतोय डावीकडे आणि बाई निघाल्या उजवीकडे, जणू झाडाखाली कुणी सतरंजी अंथरलीय.’ लोक पोट धरून हसले. मीही हसलो. हसताना माझं तोंड कसं दिसतं हे मला ठाऊक नव्हतं, पण समोर एका बाईंच्या काळ्या चष्म्यात दिसलं.

वहिनी कयाक पाण्यात ढकलत होती. ती थांबली, पूर्ण गोष्ट ऐकली, आणि काही न बोलता गेली. एरवी माझ्या विनोदांना ती निदान ‘पुरे’ तरी म्हणते.

लाज वाटते असं लिहायला सोपं आहे. खरं सांगायचं तर लाज गोष्ट सांगताना वाटत नाही. ती नंतर येते, लाइफ जॅकेटं वाळत घालताना. त्यातलं एक सिस्टरनी घातलेलं. पट्टा तुटलाय, अजून शिवलेला नाही. मी ते मागच्या खिळ्याला टांगलं, दिसू नये असं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

कार्यालयात एकटाच होतो. फोन आला. सिस्टर.

आधी माझीच चौकशी केली, झाडावर उतरताना खरचटलं होतं ते भरलं का म्हणून. मग म्हणाल्या की एकच विचारायचं होतं. “तुम्ही कुठे बोट दाखवलं होतं? राग मानू नका. मला डोळ्यांसमोर अजून तुमचं बोट झाडाकडेच दिसतं.”

मागे कुणीतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला. मी खिडकीतून नदीकडे पाहिलं. आज पाणी इतकं संथ होतं की लहान मूलही चुकलं नसतं.

मी म्हणालो, “डावीकडे.”

त्या सांगायला लागल्या. त्यांच्या आईचं असंच सुरू झालं होतं, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी. चमचा मागितला की ताट द्यायची आणि म्हणायची, दिला की चमचा. शेवटी शेवटी लेकीलाच ओळखेना. सिस्टर आता त्रेपन्नच्या आहेत. थिएटरमध्ये सर्जनने कात्री मागितली आणि आपण चिमटा दिला, तर ज्याचं पोट उघडं आहे त्याने काय करायचं? म्हणून त्यांनी मेट्रनना सांगितलंय, पाय बरा झाला तरी थिएटर नको, चादरी-टॉवेलांच्या खात्यात द्या. रोज सकाळी उठल्यावर त्या महिने उलटे म्हणून बघतात, डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत.

“तुम्ही खरं सांगितलंत ते बरं झालं,” म्हणाल्या. “माणसाला कळलेलं बरं.”

चार तारखेला मी खोटं बोललो नव्हतो, फक्त ‘होतं असं’ म्हणालो होतो. त्या आधारावर मी अकरा दिवस काढले. आज तो आधारही गेला. हात चुकला ती चूक होती. ही चूक नाही. याला दुसरा शब्द आहे आणि तो मला येतो.

वहिनी दाताच्या डॉक्टरकडून लवकर परत आली. मला ताट वाढलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. जबडा घट्ट मिटलेला. दात काढला असावा.

१९ ऑक्टोबर, रविवार

झोप नीट नाही. सकाळचा बोटांचा खेळ चालूच आहे. आज वहिनी ‘झाड उजवीकडे’ म्हणाली आणि माझा हात उचललाच गेला नाही. ती वाट पाहत उभी राहिली. बराच वेळ. मला वाटलं आता टोमणा मारेल. शेवटी म्हणाली, “पुन्हा म्हणू?” मी नको म्हणालो.

२२ ऑक्टोबर, बुधवार

दाताचा दवाखाना त्याच हॉस्पिटलमध्ये आहे वाटतं. कारण जेवताना वहिनीने आपणहून सांगितलं, त्या सिस्टर सोमवारी चादरींच्या खात्याच्या अर्जावर सही करणार आहेत. एकदा सही केली की थिएटरमध्ये परत घेत नाहीत, जागा भरतात. दादा म्हणाला, वाईट झालं. मी म्हणालो, हो ना, कशा असतील बिचाऱ्या, कुठे राहतात कोण जाणे.

वहिनी भाकरी मोडत म्हणाली, “प्रवाशांच्या फॉर्मवर पत्ता असतो.”

तिला उगाच बोलायची सवय नाही, पण आज उगाच बोलली.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आज गोष्ट सांगितली, लोक हसले, आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, “मग त्या बाईंचं पुढे काय झालं?” इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं.

मी म्हणालो, “बऱ्या आहेत.”

ते म्हणाले, “छान. बिचाऱ्या घाबरल्या असतील.” आणि हेल्मेट घालायला लागले. त्यांचा पट्टा लागत नव्हता, मी लावून दिला. माझ्याही हातून दोनदा सुटला. ते म्हणाले, तुम्हालाही भीती वाटते का पाण्याची?

मी आयुष्यात पाण्याला भ्यालो नाही. मुख्य गाईड म्हणून पाटीवर आपलं नाव लागणार नाही, चहाच्या वेळी लोक बाजूला सरकतील, वहिनी ‘मी शिकवलं होतं’ म्हणेल, याला भ्यालो. एवढ्याशा गोष्टींसाठी एक बाई रोज सकाळी उलटे महिने मोजतेय. लिहून पाहिलं की किती लहान दिसतं.

२६ ऑक्टोबर, रविवार

सकाळी कार्यालय उघडलं, नोंदवहीत चार तारखेचं पान काढलं. ‘प्रवाशाने गोंधळून’ पासून सगळं खोडलं आणि वर लिहिलं: गाईडने धोक्याकडे बोट दाखवलं. प्रवाशाने सूचना तंतोतंत पाळली. रकान्यात मावलं नाही, बाहेर गेलं. सही केली, वही उघडीच मालकांच्या टेबलावर ठेवली, फॉर्मवरचा पत्ता उतरवून बस पकडली. आपण एक बोट दुसऱ्याकडे केलं की तीन आपल्याकडे असतात म्हणतात. बसमध्ये करून पाहिलं. खरं आहे.

सिस्टरचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. दार त्यांनीच उघडलं, कुबड्यांवर उभ्या राहून. कुबड्यांच्या मुठींना नारिंगी दोरी गुंडाळलेली होती, तळवे दुखू नयेत म्हणून, आणि तिची टोकं आम्ही राफ्टवर मारतो तशा गाठीने बांधलेली. बाहेरच्या कुणाला ही गाठ येते याचं नवल वाटलं. विचारणार होतो, पण मला ती वेळ वाटली नाही.

मी बसलो नाही. बसलो असतो तर पाणी, चहा, पाय कसा आहे, असं करत करत तसाच परत आलो असतो. म्हणालो, “मी झाडाकडेच बोट दाखवलं होतं. फोनवर खोटं बोललो.”

त्या भिंतीला टेकल्या. मग म्हणाल्या, “दाखवा.”

मला कळलं नाही.

“तेव्हा दाखवलंत तसं. इथे उभे राहा. ते कपाट म्हणजे झाड.”

मी खोलीच्या मधोमध उभा राहिलो आणि कपाटाकडे बोट केलं. त्यांनी बोटाकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, पुन्हा बोटाकडे. थिएटरमध्ये अवजारं मोजताना अशाच बघत असतील.

“म्हणजे मला बरोबर दिसलं.”

“हो. सांगितलं तसंच केलंत तुम्ही.”

त्या खुर्चीत बसल्या आणि डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर म्हणायला लागल्या. ऑगस्टपाशी त्यांना रडू फुटलं. मी हात तसाच वर धरून उभा होतो. खाली कधी घ्यायचा ते समजेना.

मग डोळे पुसून त्या माझ्यावर उलटल्या, आणि तेही आवाज न चढवता. बावीस दिवस, म्हणाल्या. एका सकाळी मार्च राहून गेला तर दिवसभर जेवले नाही. बहिणीला फोन करून सांगून ठेवलं, पुढे मला कुठे ठेवायचं ते. “तुम्ही काय करत होतात तेव्हा?”

“लोकांना तुमची गोष्ट सांगत होतो.” खरं बोलायचं ठरवून गेल्यावर मध्येच कुठे थांबायचं ते कळत नाही.

“हसायचे लोक?”

“हो.”

त्यांनी मान वळवली. तशाच म्हणाल्या की माफ वगैरे मी आज करणार नाही. मी म्हणालो, त्यासाठी आलो नव्हतो. ते खरं नाही. थोडा त्यासाठीही आलो होतो. निदान या वहीत तरी खोटं नको.

मी दारात असतानाच त्यांनी मेट्रनना फोन लावला. उद्या सही करणार नाही, पाय बरा झाला की थिएटरमध्येच येणार, एवढं बोलून ठेवला. आवाज असा की पलीकडच्या मेट्रननी काही विचारलं नसावं.

बस स्टॉप कुठे ते मला आठवेना, आलो होतो त्या घाईत पाहिलंच नव्हतं. विचारावं की नाही, पण विचारलं. त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं, उजवीकडे, पिवळ्या भिंतीच्या बाजूला. जिना उतरताना मनात आलं, मुद्दाम उलटं दाखवलं असेल तर? दाखवलं असतं तरी मला बोलायला तोंड नव्हतं. तिकडे चालत गेलो. स्टॉप तिथेच होता.

२९ ऑक्टोबर, बुधवार

मालकांनी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. म्हणाले, या हंगामात तू राफ्टवर नाहीस, पुढच्या हंगामात पहिल्यापासून परीक्षा दे. मुख्य गाईड वहिनी झाली. मला शेडमध्ये बसवलंय, राफ्टना ठिगळं लावायला आणि जॅकेटं शिवायला. तुटक्या पट्ट्याचं जॅकेट आज मागच्या खिळ्यावरून काढलं आणि शिवलं. चहाच्या वेळी लोक सरकले बाजूला, मला वाटलं होतं तसेच. शेडच्या दारात एकट्याने चहा प्यायलो. थंड होतो लवकर, पण पिता येतो.

सूचना आता वहिनी देते. एक विनोद नाही, आवाज असा की वाणसामानाची यादी वाचतेय. कुणी हसत नाही. पण शेडमधून मला दिसतं, ती बोलत असताना सगळे तिच्या हाताकडे बघत असतात.

मला वाटलं होतं आता ती ऐकवेल. रविवारी परत आलो तेव्हा ओट्याशी होती. मी सगळं सांगितलं. तिने ऐकलं, हात पुसले, आणि “जेवून घे” म्हणाली. सकाळचा बोटांचा खेळ मात्र बंद नाही, उद्याही सहाला बोलावलंय. माझ्यावर तिचा राग असणारच, पण तो ती दाखवत नाही. कदाचित पद मिळाल्यामुळे निवळली असेल.

आज बुधवार असून ती शहरात गेली नाही. मी विचारलं तर म्हणाली, दात दुखायचा थांबला, आता जायला नको. चला, या सगळ्यात तिचं तरी एक दुखणं गेलं.